ताऱ्याला पडलेलं भोक

वसईजवळ गिरीजला हरिभाऊंच्या वाडीत त्या माघात रोज संध्याकाळी साडेसातला ताऱ्यांचा दवाखाना भरायचा. केळीच्या ओळींमधून, पाटाच्या कडेकडेने माणसं रांग लावून उभी राहायची. कुणाची पाठ धरलेली, कुणाला मूल नाही, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. आचोळ्याहून, विरारहून रिक्षा भरभरून लोक यायचे. विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत भगव्या कापडात गुंडाळलेली एक जाडजूड नळी तीन पायांवर आभाळाकडे तोंड करून उभी असायची आणि नळीच्या बाजूला नक्षत्रनाथ महाराज. पांढरी दाढी, काळं घड्याळ, खणखणीत आवाज.

"देह इथं, तारा तिथं!" महाराज बोट वर करून सांगत. "डॉक्टर देह तपासतो, म्हणून रोग पुन्हा येतो. मी तारा तपासतो. ताऱ्याला भोक पडलं की देहाला व्याधी लागते. आधी भोक बुजवा!"

रांगेत दिपिका सासूचा हात धरून उभी होती, आणि तिला हे सगळं मुळीच आवडलेलं नव्हतं. गिरीज नाक्यावर तिचं मेडिकल होतं. शेजारच्या गास गावातल्या घरून ती रोज स्कूटीवर यायची. बारा वर्षं औषधं विकून तिला एक सवय जडली होती. कुठलीही बाटली हातात आली की आधी उलटी करून तारीख बघायची, मग नाव, मग कंपनी. माणसांच्या बाबतीतही ती जवळजवळ तसंच करायची. तिचा नवरा हरेश तिला "संशयखोर" म्हणायचा आणि ती ते कौतुक समजायची.

पण सासूबाईंच्या गुडघ्यापुढे तिचं काही चाललं नव्हतं. "मना एकदा बघू दे गो," सासू शकू आठवडाभर म्हणत होती. "सगल्या बाया जाऊन आल्या. मीच राहिले."

"पुढे या, माई," महाराज म्हणाले. "जन्म कधीचा?"

"ठाव नाय. मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी."

"वेळ?"

"गाई घरी येत होत्या तवा."

"पुरे. ताऱ्याला एवढं पुरतं." महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, नळी नारळांच्या शेंड्यांवरून आग्नेयेकडे वळवली आणि बाजूच्या लहानशा भिंगाला डोळा लावला. त्यांचा उजवा हात कापडाखाली गेला. "सापडला. बघा. पण नळीला हात लावायचा नाही. ताऱ्याला परका स्पर्श सोसत नाही."

शकूने डोळा लावला आणि किंचाळलीच. "अगो बाय! खरंच भोक हाय!"

"बघू," म्हणत दिपिका वाकली. काळ्याभोर गोलात एक उजळ, थरथरतं कडं लटकत होतं, मेदूवड्यासारखं. मधोमध काळंकुट्ट भोक. भोकापासून कडेपर्यंत चार बारीक काळ्या रेघा. ती बघत असतानाच कडं हळूहळू एका बाजूला सरकायला लागलं, तसं महाराजांनी नळीला हलकेच ढकललं.

"पळतोय," ते म्हणाले. "आजारी तारा एका जागी ठरत नाही. त्या चार रेघा म्हणजे राहूचे शूळ. एकवीस दिवस नक्षत्रजल घ्या. भोक बुजेल."

दिपिका भिंगापासून मागे झाली. जादूचं सोंग करणारे तिने पुष्कळ पाहिले होते. राख, लिंबू, कुंकू, सगळं. पण हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भोक होतं. आणि ते कसलं, हे तिला सांगता येत नव्हतं.

पुढचा माणूस आचोळ्याचा अल्पेश. त्याची पाठ तीन आठवड्यांमागे धरली होती. महाराजांनी नळी फिरवली, हात कापडाखाली घातला, आणि अल्पेश बघता बघता रडायलाच लागला. "भोक गेलं! महाराज, हिऱ्यासारखा दिसतोय! चार किरणं फाकलीत!" रांगेतून एकच पुकारा झाला. कुणीतरी शंख फुंकला.

त्या गलक्यात दिपिकाला राधिका दिसली. हरिभाऊंची धाकटी, बावीस वर्षांची. ती रांगेतल्या लोकांना पाणी देत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. राधिकाला पंधराव्या वर्षापासून फिट यायची. सकाळी दोन, संध्याकाळी दोन अशा गोळ्यांवर गेली दोन वर्षं एकही आली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती मेडिकलमध्ये यायची, गोळ्या पर्समध्ये खोल दडवायची आणि वर रुमाल टाकायची.

"राधिका, या महिन्यात आली नाहीस," दिपिका हळूच म्हणाली. "दुसरीकडून घेतेस का?"

राधिकाने आईकडे पाहिलं. आनंदीबाई लगबगीने आल्या. "हळू बोल गं, दिपिका. बंद केल्यात गोळ्या. सव्वीस दिवस झाले."

"बंद? काकी, या गोळ्या अशा एकदम बंद करत नाहीत! फिट उलटून येते, जोरात येते. डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टरला काय दिसतं? महाराजांनी धूर दाखवला. इतकी वर्षं खाल्लेल्या गोळ्यांचा धूर तिच्या ताऱ्याभोवती साठलाय. त्या धुरामुळे भोक बुजत नाही."

"मी पण पाहिला, ताई," राधिका म्हणाली. तिच्या आवाजात भीती कमी आणि आशाच जास्त होती, आणि दिपिकाला तेच जड गेलं. "राखाडी धूर आहे. आणि त्याच्या पोटात चार ठिणग्या. सकाळच्या दोन, संध्याकाळच्या दोन."

"आगाशीचं स्थळ आलंय," आनंदीबाई कुजबुजल्या. "माणसं चांगली आहेत. गोळ्या घेताना दिसली तर काय सांगू? एवढी मुलगी मोकळी झाली की महाराजांना वाडीचा मागचा तुकडा द्यायचा, असं ह्यांनी ठरवलंय. तिथे नक्षत्रपीठ होणार आहे."

घरी येताना स्कूटीवर मागे बसलेल्या शकूच्या हातात नक्षत्रजलाची बाटली होती. रात्रभर ताऱ्याखाली ठेवलेलं पाणी. घरी पोचल्यावर दिपिकाने सवयीने ती उलटी करून पाहिली. तारीख नव्हती.

"आई, तुम्हांला धूर दाखवला का हो?"

"दाखवला ना. तू राधिकाशी बोलत होतीस तवा. चार ठिनग्या होत्या."

"तुम्ही तर तीनच गोळ्या घेता. एक बीपीची, दोन साखरेच्या."

"मी इचारलं. म्हनाले, चवथी मागच्या जन्माची."

दिपिका हसली नाही. दोन बायका, दोन वेगवेगळे आजार, आणि धुरात ठिणग्या मात्र दोघींना चारच. तिचा संशय आता नुसता स्वभाव राहिला नव्हता. त्याला एक टोक सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्या न्यायला फर्डिनंड अंकल आले. जहाजावर तीस वर्षं अधिकारी होते, आता गिरीजलाच मळ्यात भाजी लावायचे. दिपिकाने गोळ्या देता देता विचारलं, "अंकल, तुम्हांला तारे ओळखता येतात?"

"एकेकाळी त्यांच्यावर जहाज चालवलंय, बेटा. का गं?"

संध्याकाळी ती त्यांच्या गच्चीवर होती. वसईच्या दिव्यांनी आभाळ पिवळट झालं होतं, तरी दक्षिणेकडे उंचावर ठळक तारे होते. फर्डिनंडनी बोटाने दाखवलं. "ते एका रेघेत तीन दिसतात? तो मृगाला लागलेला बाण. भोवतीचे चार म्हणजे हरणाचे चार पाय. त्यातला तांबूस आहे तो काक्षी, समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तो राजन्य. आता बाणाची रेघ खाली डावीकडे लांबव. काय लागतं?"

"एक फार तेजस्वी तारा. लुकलुकतोय."

"व्याध. आख्ख्या आभाळात याच्याहून तेजस्वी तारा नाही. मागून बाण मारणारा शिकारी तो."

दिपिकाने नारळांचे शेंडे आठवले, आग्नेय दिशा आठवली. "अंकल, हाच आमच्या सासूबाईंचा तारा!"

"असेल. आपल्या सगळ्यांचाच आहे." फर्डिनंड हसले. मग त्यांनी दोन डोळ्यांची जुनी दुर्बीण तिच्या हातात दिली. "बाणाच्या थोडं खाली, तीन बारीक तारे उभे आहेत. मधल्यावर धर. हात स्थिर."

दिपिकाने धरली. तिथे धूर होता. फिकट, राखाडी, फुंकर मारल्यासारखा.

"तेजोमेघ," अंकल म्हणाले. "वायूचा आणि धुळीचा ढग. त्यात नवे तारे तयार होत असतात. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर मधे चार तारे जवळजवळ दिसतात. कुणीही बघावं, कधीही बघावं, ते चारच असतात."

"किती लांब आहे?"

"तो प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे तेराशे वर्षं झाली."

दिपिकाने दुर्बीण खाली घेतली. राधिकाच्या गोळ्या सात वर्षांच्या. धूर तेराशे वर्षांपूर्वीचा. तिला एकदम राग आला, आणि रागाच्या मागोमाग बरंही वाटलं.

"आणि भोक?"

फर्डिनंडनी दुर्बिणीचं मधलं चाक फिरवलं. "आता व्याधाकडे बघ." तारा फुगून गोल, पसरट ठिपका झाला होता. "नजर नीट लावली नाही की असं होतं. पण भोक काही पडत नाही. त्याच्या नळीत असं काहीतरी आहे जे माझ्या दुर्बिणीत नाही. ते काय, हे मला सांगता येणार नाही. मी उगाच अंदाज ठोकणार नाही."

तिला ते उत्तर आवडलं. महाराजांनी आजवर एकदाही 'सांगता येत नाही' म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दिपिका वाडीत तासभर आधी पोचली. ऊन उतरलं होतं, महाराज आत चहा घेत होते. नळी कापड लेवून उभी होती, वरचं तोंड मात्र उघडं. तिने टाचा उंचावून आत डोकावलं. आतून काळी पोकळ नळी. तळाशी ताटाएवढा आरसा. आणि तोंडाच्या अलीकडे, अगदी मधोमध, दुसरा एक लहान तिरका आरसा लटकत होता. तो पत्र्याच्या चार बारीक पट्ट्यांनी चार बाजूंना ताणून बसवला होता.

मधे गोल. चार बाजूंना चार रेघा.

"बाजूला व्हा!" महाराज दारातून ओरडले. "तोंडाशी उभं राहू नये! ताऱ्याचं तेज साठलेलं असतं, डोळे जातील!"

"चुकलं, महाराज," म्हणत दिपिका मुकाट्याने मागे झाली. पण तिने पाहायचं ते पाहिलं होतं. नळीत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत तो लहान आरसा मधे उभा होता. ताऱ्याचा ठिपका फुगवला की मधल्या आरशाची सावलीच त्यात दिसणार. भोक नळीत होतं. कापडाखालचा हात ते उघडत होता आणि बुजवत होता.

फर्डिनंडना तिने फोनवर सगळं सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. पण नुसतं सांगून लोक ऐकणार नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी भोक पाहिलंय, आणि तुझं नुसतं तोंड पाहणार."

कसं दाखवायचं याचा विचार करण्यात दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस महागात पडले. गुरुवारी दुपारी हरिभाऊ धावत मेडिकलमध्ये आले. पायांत चप्पल नाही, हाताला केळीचा चीक. "दिपिका, चल! राधिका पडली!"

राधिका पाण्याच्या टाकीशेजारी आडवी होती. हातपाय झटके देत होते, ओठांच्या कडेला फेस. कपाळ टाकीच्या कडेवर आपटून फुटलं होतं. एक बाई तिच्या नाकाशी चप्पल धरत होती, दुसरी दातांत चमचा घालायला बघत होती.

"चमचा काढा! चप्पल काढा!" दिपिका ओरडली. "कुणी तिला दाबून धरू नका!" तिने राधिकाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली, घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन. तीन. आनंदीबाई भिंतीला टेकून नुसत्या "अगं आई, अगं आई" करत होत्या. चौथ्या मिनिटाला झटके थांबले. राधिका हातभर पुढे कोसळली असती, तर टाकीतल्या पाण्यात गेली असती.

रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. कपाळाला पाच टाके पडले. डॉक्टरांनी गोळ्या कधी बंद केल्या ते विचारलं आणि उत्तर ऐकून नुसतं आनंदीबाईंकडे पाहिलं. त्या बघण्याने बाई आणखी खचल्या. गोळ्या पुन्हा लिहून मिळाल्या.

पण घरी आल्यावर महाराज ओसरीवर तयारच होते. "शुभ झालं," ते म्हणाले. "शूळ बाहेर पडला! जाताना असाच दणका देतो. आता आणखी नऊ दिवस फक्त पाणी घ्या. या क्षणी गोळी घ्याल तर तो परत आत शिरेल आणि मग मीही काही करू शकणार नाही."

आनंदीबाईंच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. ते त्यांनी फाडलं नाही, आणि ठेवूनही दिलं नाही. दिपिकाने ते बघितलं आणि ठरवलं, आता थांबायचं नाही.

"काकी, आजची गोळी द्या," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी नळीपाशी तुम्हांला एक गोष्ट दाखवते. ती बघून तुम्हांला महाराजच खरे वाटले, तर मी पुन्हा बोलणार नाही."

राधिकाने स्वतःच हात पुढे केला, गोळ्या घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. कुणाकडेही न बघता.

शुक्रवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. शूळ निघाल्याची बातमी पसरली होती. दिपिका शकूला आणि फर्डिनंडना घेऊन रांगेत उभी राहिली.

"तुमचा तारा?" महाराजांनी विचारलं.

"माझा नको, महाराज. तो बघा," तिने केळीच्या पलीकडे, उत्तरेकडे बोट केलं. दूर एका मोबाइल टॉवरच्या टोकावर लाल दिवा जळत होता. "त्याचा दाखवा."

रांगेत हशा पिकला. महाराजांच्या कपाळावर आठी चढली. "ही थट्टेची जागा नाही."

"थट्टा नाही. तुमच्या नळीत आजारी ताऱ्याला भोक दिसतं. टॉवरचा दिवा ना तारा, ना माणूस. त्याला राहू लागत नाही. त्यात भोक दिसायला नको. एवढंच बघू."

"दिव्यनेत्र ऐहिक वस्तूकडे वळवला तर फुटतो!"

"फुटला तर मी नवा घेऊन देतो," मागून फर्डिनंड म्हणाले.

महाराज हरिभाऊंकडे वळले. "हरिभाऊ, ही बाई तुमच्या मुलीच्या जिवावर उठली आहे. हिला वाडीबाहेर काढा."

हरिभाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले होते. महिनाभर त्यांनी महाराजांपुढे मान वर केली नव्हती. ते उठले, पण दिपिकाकडे गेले नाहीत. नळीपाशी येऊन उभे राहिले. "माझी मुलगी काल टाकीवर आपटली," ते म्हणाले. "मला बघायचंय. वळवा."

"यजमानांनी अविश्वास..."

"वळवा, नाहीतर मी वळवतो."

महाराज जागचे हलले नाहीत, तेव्हा फर्डिनंडनीच नळी हलकेच टॉवरकडे आणली, भिंगातून नेम धरला आणि बाजूला झाले. "मी बाकी कशालाही हात लावलेला नाही. महाराजांनी ठेवलं होतं तसंच आहे. शकूबाई, तुम्ही बघा."

शकूने डोळा लावला.

"अगो बाय!" ती म्हणाली. "टावरला बी भोक हाय! लाल लाल कडं, मधे भोक, आनि चार शूल!" तिने डोळा काढला आणि महाराजांना सरळ विचारलं, "महाराज, टावरचं काय दुखतंय?"

यावेळी सगळी वाडी हसली. माणसं रांग मोडून पुढे घुसली. एकामागून एक वाकून बघायला लागली. "आहे रे, तसंच आहे!" "माझ्या ताऱ्याला होतं तसंच!"

"टॉवरच्या लहरींनीच राहू प्रबळ झाला आहे!" महाराज आवाज चढवून सांगत होते. "म्हणूनच त्यात शूळ..." पण त्यांचा आवाज आता गर्दीच्या वर जात नव्हता.

दिपिकाने भगवं कापड वर केलं. भिंगाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन काळी, गोल बटणं होती. "काकी, इकडे या," तिने आनंदीबाईंना हाक मारली. "तुमचा हात ठेवा. बघत बघत सावकाश फिरवा."

आनंदीबाई आल्या. डोळा भिंगाला लावला, बोटं बटणावर ठेवली. फिरवलं. भोक मोठं झालं असावं, कारण त्या दचकल्या. मग उलटं फिरवलं. त्या किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या. बटण इकडे फिरत होतं, तिकडे फिरत होतं.

"काय दिसतं, काकी?"

"बुजतं," त्या म्हणाल्या. "मी फिरवलं की बुजतं. पुन्हा फिरवलं की पडतं." त्या सरळ झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मी माझ्या हाताने तिच्या गोळ्या बंद केल्या."

दिपिकाने मग नळीचं उघडं तोंड मोबाइलच्या उजेडात सगळ्यांना दाखवलं. मधला लहान आरसा, त्याच्या चार पट्ट्या. ताऱ्यावर बटण नीट लावलं की तारा टोकदार दिसतो आणि त्याच पट्ट्यांमुळे त्याला चार किरणं फुटतात. बटण बिघडवलं की तारा फुगतो आणि त्यात आरशाची सावली पडते. पृथ्वी फिरते म्हणून तारा नळीतून सरकतो, तो पळत नाही, हे फर्डिनंडनी सांगितलं, आणि मग धुराचं. मृगातला तेजोमेघ नळीत आणून ठेवला आणि ज्याला बघायचं त्याला दाखवला. कुणाला एक गोळी चालू होती, कुणाला सहा, एकाला एकही नाही. ठिणग्या सर्वांनी मोजल्या. चार.

आचोळ्याचा अल्पेश तेवढा अडून बसला. "पण माझी पाठ थांबली, त्याचं काय?"

"पाठ धरल्यापासून काम करत होतात?" दिपिकाने विचारलं.

"नाही. महाराजांनी तीन आठवडे वजन उचलू नको म्हणून सांगितलं होतं." तो बोलता बोलता थांबला. बाटली मात्र बरोबर घेऊन गेला.

महाराज त्या गडबडीत ओसरीवरची पिशवी उचलून कुंपणाकडे निघाले होते. हरिभाऊ आडवे आले. "नळी घेऊन जा," ते म्हणाले. "आणि जाताना पोलीस चौकीवरून जायचंय. मी बरोबर येतो." जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्यांनी तक्रार दिली. राधिकाच्या टाक्यांचे कागद जोडले. पुढे चौकशीत कळलं, की हे गृहस्थ पूर्वी एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना आकाशदर्शन घडवायचे.

"माणसाला आभाळ उत्तम ठाऊक होतं," फर्डिनंड दिपिकाला म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "जन्माची वेळ न विचारता मृग दाखवला असता, तरी लोक खूश झाले असते."

शनिवारी संध्याकाळी मेडिकल बंद करून दिपिका राधिकाला बघायला वाडीत गेली, तर फाटकाबाहेर माणसं उभीच होती. बातमी सगळीकडे पोचली नव्हती. काही जणांपर्यंत पोचली होती तरी ते आले होते. आणि फाटकाच्या आत कपाळाला पट्टी बांधलेली राधिका उभी होती.

"महाराज नाहीत," ती सांगत होती. "नळीत फसवणूक होती. मी दाखवू शकत नाही, पण मला काय झालं ते सांगते. मला फिट येते. पंधराव्या वर्षापासून. गोळी घेतली की येत नाही. गोळी बंद केली आणि हे झालं." तिने पट्टीवर बोट ठेवलं.

दिपिकाचे पाय थबकले. सात वर्षं रुमालाखाली दडवलेली गोष्ट राधिका अनोळखी लोकांना मोठ्याने सांगत होती. ओसरीवरून आनंदीबाई झपाझप येत होत्या. दिपिकाला वाटलं, आता त्या मुलीला हाताला धरून आत नेणार. आगाशीच्या स्थळाचं नाव काढणार.

आनंदीबाई मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. फाटकाला धरून एक तरुण बाई होती, तिच्या हातात नक्षत्रजलाच्या दोन बाटल्या. "पण माझ्या सासऱ्यांचा तारा निम्मा बुजला होता," ती म्हणत होती. "मी स्वतः पाहिलं, काकी. डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं?"

"मीही पाहिलं होतं," आनंदीबाई म्हणाल्या. "दिसलं ते खरंच होतं, बाई. सांगितलं ते खोटं होतं. तुला काही दाखवलं ना, तर दाखवणाऱ्याला म्हण, आता मला हात लावून बघू दे. लावू देत नसेल तर तिथून निघ. मी महिनाभर विचारलं नाही." मग त्यांनी विचारलं, "सासऱ्यांना कसलं औषध चालू होतं?"

"हृदयाचं."

"आणि आता?"

बाईने हातातल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"मग इथे उभी राहू नकोस," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी फाटक उघडलं, बाहेर येऊन तिच्या हातातल्या दोन्ही बाटल्या काढून घेतल्या आणि रस्त्यावरची रिक्षा थांबवली. "आत्ता जा. आधी डॉक्टर."